फुलेवाडीतली तीन फुटी टाकी: शांत सिक्लिड, तरीही मरतूक आणि मारामारी

कोल्हापुरात फुलेवाडीतल्या एका घरी दिवाळीच्या आधी हॉलमध्ये तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी बसली. काचेच्या मापाने ती साधारण १८० लिटरची. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी उरतं १५० लिटर. घरच्यांना रंगीत मासे हवे होते, पण एकमेकांना फाडणारे नको होते. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न त्यांनी आधीच नाकारले होते. दुकानात त्यांना सांगितलं गेलं, "राम घ्या, एंजल घ्या. लई शांत मासं हायत, कायबी करत न्हाईत." टाकी भरल्यावर तिसऱ्या दिवशी एकाच फेरीत सगळे घरी आले: रुपयाएवढे चार एंजल, निळ्या रामची एक जोडी, क्रिबेन्सिसची एक जोडी, दहा निऑन टेट्रा आणि काच साफ करायला दोन सकर.

बाराव्या दिवसापर्यंत दोन्ही राम मेले. डिसेंबरात दुसरी जोडी आणली, तीही गेली. निऑन एकेक करून कमी होत गेले. जानेवारीत क्रिबेन्सिसने मडक्यात अंडी घातली आणि तिथून खरी मारामारी सुरू झाली. एंजलचे पंख फाटले, एक एंजल हीटरच्या मागे उभा राहून खाणं सोडून बसला. "शांत मासे" म्हणून घेतलेली टाकी तीन महिन्यांत निम्मी रिकामी झाली.

मासे वाईट नव्हते आणि दुकानदार खोटंही बोलला नव्हता. राम, क्रिबेन्सिस, एंजल हे सिक्लिड कुळातले खरोखरच सौम्य मासे आहेत. पण सिक्लिडचा शांतपणा अटींवर असतो. पाणी मानवलं, तळाची जागा पुरली आणि जोडी लागल्यावर शेजाऱ्यांना दूर जायला वाट असली, तरच तो टिकतो. या टाकीत तिन्ही अटी मोडल्या होत्या, आणि प्रत्येक अट वेगळ्या कारणाने.

पाणी

टाकीत पाणी भरलं जात होतं गच्चीवरच्या टाकीतून. तिथे कार्पोरेशनचं नळाचं पाणी आणि घरच्या बोअरचं पाणी एकत्र होतं. आम्ही ड्रॉप टेस्ट किटने दोन्हीकडचं पाणी वेगवेगळं तपासलं. थेट नळाचं पाणी: पीएच ७.६, कार्बोनेट कठीणता (केएच, म्हणजे पीएच स्थिर धरून ठेवणारे क्षार) ५, एकूण कठीणता (जीएच) ६. गच्चीवरचं मिश्रण: पीएच ८.२, केएच ११, जीएच १४. माशांच्या टाकीतही हेच आकडे, शिवाय माशांच्या घाणीतून येणारा विषारी अमोनिया ०.५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), आणि जिवाणू त्याचं जे करतात ते नायट्राइट ०.२५ आणि नायट्रेट ६०.

निळा राम मूळचा व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या गवताळ मैदानातला. तिथलं पाणी मऊ, आम्लाकडे झुकणारं आणि कोमट. त्याला २७ ते ३० अंश सेल्सिअस लागतात. शेतावर वाढवलेला राम थोडं कठीण पाणी सोसतो, पण केएच ११ मध्ये नुसता तग धरून राहतो, आणि त्यात दुसरा कुठलाही ताण पडला की कोलमडतो. इथे दुसरा ताण अमोनियाचा होता. अमोनियाचा आकडा पीएचसोबतच वाचावा लागतो. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८.२ ला तोच वाटा आठ टक्क्यांवर जातो. म्हणजे मऊ पाण्याच्या टाकीत ०.५ वर जो मासा नुसता सुस्त दिसला असता, त्याचे कल्ले इथे जळतात.

अमोनिया आला कुठून, हे शोधणं महत्त्वाचं होतं, कारण टाकी तीन महिने चालू होती आणि एवढ्या काळात फिल्टरमधले जिवाणू तयार व्हायलाच हवे होते. कारण सापडलं ते घरच्यांच्या स्वच्छतेत. दर रविवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळून धुतला जायचा, आणि महिन्यातून एकदा जवळजवळ सगळं पाणी काढून खडी खंगाळली जायची. क्लोरीनच्या पाण्याने स्पंज धुतला की अमोनिया खाणारे जिवाणू धुऊन जातात, आणि टाकी दर आठवड्याला पुन्हा पहिल्या दिवसावर येते. त्यात दोन सकर. हा मासा फूटभर आणि त्याहून मोठा होतो, आणि जेवढं शेवाळ खातो त्यापेक्षा कितीतरी जास्त घाण करतो. दीडशे लिटरमध्ये त्याला जागाच नाही.

राहिला प्रश्न तापमानाचा. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात बाहेरचा पारा रात्री चौदा-पंधरापर्यंत उतरतो. घरातल्या हॉलमध्ये पहाटे २०-२१ असतात. टाकीत हीटर होता ५० वॅटचा. एवढ्या वॅटवर १५० लिटर पाणी खोलीपेक्षा फार तर तीन अंश वर राहतं. थर्मामीटरवर पहाटे २३ आणि संध्याकाळी २५ दिसायचे. निऑनला हे चाललं असतं, रामला नाही. गार पाण्यात रामची पचनशक्ती मंदावते, पोट आत जातं, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी लोंबू लागते. दुसऱ्या जोडीत नेमकं हेच दिसलं होतं. अशा दबलेल्या माशात ही लक्षणं बहुधा आतड्यातल्या परजीवींची असतात. वेगळ्या भांड्यात मेट्रोनिडाझोल (४० लिटरला २५० मिलिग्रॅम, दिवसाआड, तीन वेळा, दर वेळी आधी चौथा हिस्सा पाणी बदलून) दिलं तर मासा खात असेपर्यंत वाचवता येतो. खाणं सोडल्यावर बहुधा नाही. औषध पशुवैद्यकांना विचारूनच घ्यावं, आणि मुख्य टाकीत ओतू नये.

तळाची जागा

सिक्लिडसाठी टाकीचे लिटर मोजून भागत नाही, तळ मोजावा लागतो. या टाकीचा तळ ९० बाय ४५ सेंटिमीटर. राम आणि क्रिबेन्सिस दोघेही तळाचे मासे. क्रिबेन्सिस गुहेत अंडी घालतो. मादी आत अंड्यांजवळ थांबते, नर बाहेर राखण करतो. मडकं ठेवलं होतं टाकीच्या बरोबर मध्यावर, दिसायला छान म्हणून. त्यामुळे पहाऱ्याचं वर्तुळ दोन्ही बाजूंच्या काचांपर्यंत पोचलं आणि तळाला दुसऱ्या कुणाला जागाच उरली नाही. हेच मडकं डाव्या कोपऱ्यात, तोंड बाजूच्या काचेकडे करून ठेवलं असतं, तर निम्मा तळ मोकळा राहिला असता.

वरच्या थरात एंजलचा प्रश्न सुरू झाला होता. चारांतल्या दोघांची जोडी लागली आणि त्यांनी फिल्टरच्या पाइपवर अंडी द्यायची जागा ठरवली. लहान एंजल कळपात शांत असतात. जोडी लागली की तीन फुटी टाकीत तिसरा आणि चौथा एंजल नकोसा होतो. निऑनचं म्हणाल तर वाढलेल्या एंजलच्या तोंडात निऑन मावतो, म्हणून तो खातो; याला भांडण म्हणता येत नाही.

टाकीत आडोसा म्हणून होतं एक प्लॅस्टिकचं झाड आणि एक मडकं. दबलेल्या माशाला नजरेआड जायला जागाच नव्हती. सिक्लिडमध्ये पाठलाग करणाऱ्याला समोरचा मासा दिसत राहिला तर पाठलाग थांबत नाही. मध्ये एक दगड आला की बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

काय ठरवलं

तीन फुटी टाकीत तळाला एकाच जातीचे सिक्लिड ठेवायचे, हा पहिला निर्णय. कोणते, ते पाण्यावरून ठरलं. घरच्यांचा जीव निळ्या रामवर होता. पण नळाचं पाणी पीएच ७.६ चं, हिवाळा कोल्हापूरचा आणि वीज अधूनमधून जाणारी. अशा घरात बोलिव्हियन राम हा जास्त शहाणपणाचा मासा आहे. तो बोलिव्हिया आणि ब्राझीलमधल्या मामोरे-ग्वापोरे नद्यांच्या खोऱ्यातला. २३ ते २७ अंश त्याला पुरतात, पीएच ७.५ च्या आसपास तो तक्रार करत नाही, सात-आठ सेंटिमीटर वाढतो. रंग निळ्या रामएवढे भडक नाहीत, पण शेपटीची लांब टोकं आणि डोळ्यातून जाणारी काळी रेघ नीट सेट झालेल्या टाकीत फार देखणी दिसते.

रामचा नाद सोडून क्रिबेन्सिसची जोडी ठेवणं हाही चांगला पर्याय होता. क्रिबेन्सिस नळाच्या पाण्यात निरोगी राहतो, आणि मडकं कोपऱ्यात नेलं की वरच्या थरात टेट्रा सुखाने फिरतात. कीहोल सिक्लिड मिळाला असता तर आम्ही तोच सुचवला असता, इतका तो भित्रा आणि सौम्य आहे. पण इकडच्या दुकानांत तो क्वचितच येतो. केरळच्या किनाऱ्यावरचा आपला देशी ऑरेंज क्रोमाइडही विचारात घेण्यासारखा. कठीण पाणी त्याला उलट आवडतं, त्यामुळे निव्वळ बोअरवर अवलंबून असलेल्या घरांनी आधी त्याचं नाव काढावं.

क्रिबेन्सिस, एंजल आणि सकर दुकानात परत गेले. सकर नदीत किंवा रंकाळ्यात सोडण्याचा विचार घरात बोलून दाखवला गेला होता. तो कुणीही करू नये. हा परदेशी मासा आपल्या जलाशयांत तगतो, किनारे पोखरतो, आणि जाळ्यात अडकला की त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात.

टाकी पुन्हा लावताना

सगळं एका दिवसात धुऊन काढायचं नाही, हे सर्वांत आधी समजावून सांगावं लागलं. फिल्टरचा स्पंज टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत, एअर पंप चालू ठेवून बाजूला ठेवला. उरलेले निऑन दुसऱ्या बादलीत. मग खडी काढली. राम वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून चाळतो आणि त्यातलं अन्न वेचतो. टोकदार खडीवर त्याला हे करता येत नाही, ओठ आणि कल्ले सोलतात.

नवीन तळ एक मिलिमीटरच्या आसपासच्या वाळूचा, साडेतीन सेंटिमीटर जाड. ९० बाय ४५ च्या तळाला २० ते २२ किलो लागते. बांधकामाची वाळू चालते, पण पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवावी, आणि मूठभर वाळूवर पांढरा व्हिनेगर टाकून बघावं. बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडीचे कण आहेत. ते पाणी कठीण करत राहतात. दगडांचंही तेच. आपला काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही, मात्र पांढऱ्या स्फटिकांच्या पोकळ्या असलेला तुकडा घेऊ नये, त्यात कॅल्साइट असू शकतं. पन्हाळ्याकडचा जांभा दिसायला सुंदर, पण तो झिजून लाल माती सोडतो आणि धारदार असतो. आम्ही तो टाळतो.

मांडणी अशी. डावीकडच्या एक तृतीयांश भागात लाकडाचं खोड, त्याच्या बुडाशी तोंड बाजूला केलेली नारळाची करवंटी (अर्धा तास उकळून, आतला गर खरवडून). उजवीकडच्या एक तृतीयांश भागात उभे काळे दगड आणि त्यांच्यापुढे तळहाताएवढा एक चपटा दगड, कारण बोलिव्हियन राम गुहेत अंडी घालत नाही, उघड्या चपट्या जागेवर घालतो. तसाच दुसरा चपटा दगड डावीकडे. मध्ये पुढच्या बाजूला मोकळी वाळू, मागे व्हॅलिसनेरिया या गवतासारख्या पाणवनस्पतीची दाट रांग. एका टोकाच्या माशाला वाळूच्या पातळीवरून दुसरं टोक दिसू नये, एवढी एकच कसोटी. टाकीच्या बाजूच्या काचेला डोळा लावून बघितलं की लगेच कळतं.

देशी बदामाची वाळलेली, गळून पडलेली पानं तीन टाकली. त्यांनी पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि माशांचा बुजरेपणा कमी होतो. केएच ५ असताना त्यांनी पीएच खाली येईल अशी आशा मात्र ठेवू नये.

हीटर एक मोठा घेण्याऐवजी १०० वॅटचे दोन घेतले, २६ अंशांवर. एकाचा थर्मोस्टॅट चालू स्थितीत अडकला तरी १०० वॅट १५० लिटर पाणी उकळत नाहीत, आणि एक बंद पडला तर दुसरा रात्र काढून देतो. फिल्टरला तासाला ७०० लिटरचा हँगऑन (टाकीच्या काठाला टांगायचा) आणि सोबत एअर पंपावरचा स्पंज. पंप बॅटरीवरही चालणारा. वीज दोन-तीन तासांहून जास्त गेली तर हँगऑनमधलं साचलेलं पाणी ओतून देऊन मगच तो सुरू करावा. बंद फिल्टरमध्ये ऑक्सिजन संपून पाणी नासतं आणि चालू करताच तेच टाकीत येतं.

पाण्यासाठी वेगळा ५० लिटरचा ड्रम आला, गच्चीवरच्या टाकीतून नव्हे तर सकाळी येणाऱ्या थेट नळातून भरण्यासाठी. क्लोरीन काढायला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट: १० ग्रॅम खडे १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ठेवायचे, आणि १० लिटरला एक मिलिलिटर टाकायचं. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो तेव्हा दोन मिलिलिटर. आठवड्याला ३५ ते ४० लिटर पाणी बदलायचं, याहून जास्त एका वेळी नाही. बोअरमिश्रित पाण्यातून नळाच्या पाण्यावर येणंही असंच चार-पाच आठवड्यांत केलं. केएच ११ वरून ५ वर एका झटक्यात आणला असता तर निऑन त्यातच गेले असते. स्पंज महिन्यातून एकदा, काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा. पाणी गढूळ आलं म्हणून ड्रममध्ये तुरटी फिरवायची नाही: ती केएच खाते, पीएच ढासळतो आणि पाण्यात उतरलेलं ॲल्युमिनियम कल्ल्यांना घातक ठरतं.

मासे फेब्रुवारीअखेर आले, अमोनिया आणि नायट्राइट सलग दोन आठवडे शून्य वाचल्यावर. आधी बारा ब्लॅक निऑन टेट्रा, मग तीन आठवड्यांनी चार बोलिव्हियन राम, सगळे साधारण तीन सेंटिमीटरचे. या वयात नर-मादी खात्रीने ओळखता येत नाही, म्हणून "जोडी" मागण्यात अर्थ नसतो. वरच्या थरातले टेट्रा शोभेपुरते नाहीत: ते निर्धास्त फिरताना दिसले की खालचे सिक्लिड बाहेर येतात. सर्पे टेट्रा, विडो टेट्रा, टायगर बार्ब यांना पंख कुरतडायची खोड असते, ते नकोत. कोरीडोरास हे तळाला फिरणारे छोटे कॅटफिशही इथे मुद्दाम घेतले नाहीत; ते रात्री अंडी खातात आणि हाकललं तरी पुन्हा तिथेच येतात.

पुढचे महिने

एप्रिलमध्ये दुपारी टाकीचं पाणी ३१ वर गेलं. झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरतात. पण त्यामुळे रोज दोन-तीन लिटर पाणी उडतं, आणि उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. ही तूट घरातल्या आरओच्या पिण्याच्या पाण्याने भरायची, नळाच्या नाही. नाहीतर मेअखेर जीएच चांगलाच चढलेला सापडतो.

जूनमध्ये जोडी लागली. उजवीकडचा चपटा दगड दोघांनी तोंडाने घासून साफ केला आणि अंडी घातली. दुसऱ्या दिवशी ती खाल्ली. पुढच्या वेळीही खाल्ली. नवख्या जोडीचं हे नेहमीचंच असतं, त्यात ढवळाढवळ करू नये. तिसऱ्या खेपेला पिल्लं पोहू लागली. या काळात जोडीचा पहारा दगडाभोवती पाऊण फूट होता. बाकीच्या दोघांपैकी एक डाव्या खोडामागे आरामात राहिला. दुसऱ्याला मात्र हा तिसरा मासाही मारू लागला, त्याचे पंख मिटलेले आणि रंग काळपट दिसू लागला. मांडणी बदलून उपयोग झाला नाही, म्हणून तो दुसरीकडे दिला. चार माशांत असा एक निघणं अपेक्षितच धरावं आणि त्याची सोय आधीच ठरवून ठेवावी.

पावसाळ्याचा खरा धोका मारामारीचा नव्हे, पाणी तुटण्याचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरात उपसा केंद्रंच पाण्यात गेली आणि शहराचे नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. अशा वेळी माणसांच्या पाण्यातून टाकीला वाटा मागता येत नाही. धरणांतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की त्याच दिवशी नेहमीचं पाणी बदलून घ्यावं, ड्रम भरून झाकावा, आणि खाणं दिवसाआड, नेहमीच्या निम्मं करावं. तरुण पिल्लं नसतील तर वाढलेले राम चार-पाच दिवस उपाशीही ठीक राहतात. टँकरचं पाणी बोअरचं असू शकतं. केएच मोजल्याशिवाय ते टाकीत घालू नये.

आणि निळा राम

घरच्यांनी त्याचा नाद सोडला नाही, आणि सोडावा असं आम्हीही म्हटलं नाही. त्याच्यासाठी दुसरी, दोन फुटी टाकी लागली, साधारण ५० लिटर पाण्याची, एका जोडीपुरती. आरओ आणि नळाचं पाणी निम्मं निम्मं केलं की केएच अडीच आणि जीएच तीन येतो. पावसाळ्यात यापेक्षा सोपा मार्ग वरून पडतो. मृगाच्या पहिल्या सरींनी छत आणि हवा धुऊन निघू द्यावी. तरणा (पुनर्वसु नक्षत्राचा) पाऊस लागला की स्लॅबच्या पन्हाळीतून, दहा मिनिटं जाऊ देऊन, सुती कापडातून ड्रम भरावा. पत्र्याचं गंजकं छत आणि फाउंड्रीचा धूर उतरणारी जागा वर्ज्य. हे पाणी जवळजवळ शून्य कठीणतेचं असतं, म्हणून नुसतं वापरू नये. केएच नसलेल्या पाण्यात पीएच रातोरात कोसळतो. एक भाग नळाचं आणि एक भाग पावसाचं, हेच प्रमाण इथेही.

७५ वॅटचा हीटर २८ अंशांवर, नुसता स्पंज फिल्टर, काळी वाळू, दोन चपटे दगड. टाकी सहा आठवडे निऑनऐवजी कार्डिनल टेट्रांवर चालवली, कारण कार्डिनल २८ अंश सोसतो आणि निऑन सोसत नाही. मग जोडी निवडली. मादीचं पोट गुलाबी, आणि अंगावरच्या काळ्या ठिपक्यात निळ्या टिकल्या. नराच्या पाठीवरच्या परातले सुरुवातीचे काटे लांब. दुकानात एखादी मादीसुद्धा दिसत नसेल आणि सगळेच भडक, चकचकीत निळे असतील, तर घेऊ नयेत: रंगासाठी संप्रेरकं दिलेले मासे असे दिसतात आणि लवकर खचतात. खरेदीआधी दुकानदाराला समोर खाणं टाकायला सांगावं. जो राम पुढे येऊन खात नाही तो घरी येऊनही खाणार नाही. आणल्यावर पिशवी तरंगत ठेवून, एक तासभर दर दहा मिनिटांनी कपभर टाकीचं पाणी तिच्यात घालत राहावं; पिशवीतलं पाणी मात्र टाकीत ओतू नये, मासा जाळीने उचलून सोडावा.

बोलिव्हियन रामची पिल्लं मोठ्या टाकीतच राहिली. अंड्यातून नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियावर (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) पहिले तीन आठवडे दिवसातून तीनदा खाणं दिलं. टेट्रांनी बरीच खाल्ली, अकरा वाढली. दोन सेंटिमीटरची झाल्यावर ती त्याच दुकानात दिली, पाण्याचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून.